पाचवी ओळ

आमच्या शाळेच्या उपमुख्याध्यापकाला सगळे पुठ्ठा म्हणायचे. मुलं पाठीमागे म्हणायची. आम्ही शिक्षक तोंडावर 'सर' म्हणायचो आणि पाठ वळली की पुठ्ठा. मी तर त्याच्याशी बोलत असतानाही मनात पुठ्ठाच म्हणायचे. त्याच्याबद्दल चांगलं बोल, असं मला कुणी सांगायला येऊ नये. एकोणीस वर्षं एका छपराखाली काढली, त्यातली बरीचशी मी त्याचा राग राग करण्यात घालवली, आणि ती वाया गेली असं मला अजूनही वाटत नाही.

नाव पडलं ते वेळापत्रकावरून. त्याच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात, दाराएवढी लाकडी फळी टांगलेली होती. फळीवर खिळ्यांच्या रांगा. आडव्या रांगेत वर्ग, उभ्या रांगेत तास. प्रत्येक खिळ्यावर आगपेटीएवढा पुठ्ठ्याचा चौकोन अडकवलेला, आणि प्रत्येक शिक्षकाचा रंग वेगळा. मी भूगोल शिकवते, म्हणून मला तपकिरी. "मातीचा विषय, मातीचा रंग," असं त्यानं मी न विचारताच सांगितलं होतं. चित्रकलेच्या बाईंना मिळाला गुलाबी, त्याबद्दल त्या दोन वर्षं खुशीत होत्या. स्वतःसाठी मात्र त्यानं रंग घेतला नव्हता. त्याचा चौकोन कोरा, नुसता पुठ्ठा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी शाळा बंद असताना हा गृहस्थ एकटा येऊन व्हरांड्यात स्टुलावर उभा राहायचा आणि चौकोन सरकवत बसायचा. एक हलवला की सात हलायचे. शिपाईकाका सांगायचे, "सरांना हाक मारली तरी ऐकू येत नाही हो. चार चार चौकोन तोंडात धरलेले असतात." काकांना त्याचं कौतुक होतं. आम्हाला नव्हतं, कारण शाळा उघडली की त्या फळीवर आमचं वर्षभराचं नशीब टांगलेलं असायचं.

भांडण सगळं शेवटच्या तासावरून. आमची शाळा सकाळची. शेवटचा तास बारा वाजून पाच मिनिटांनी सुरू व्हायचा आणि पाऊण वाजता सुटायचा. तोवर मुलं भुकेनं कावलेली, आपलाही घसा बसलेला. शेवटचा तास मोकळा मिळाला तर पाऊण तास आधी घरी जाता यायचं, म्हणून तो सगळ्यांनाच हवा. शिक्षक एकवीस, वर्ग चौदा. म्हणजे रोज सात जण मोकळे. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बेचाळीस मोकळे तास. भागिले एकवीस. दोन. पुठ्ठ्यानं हा भागाकार नोकरीच्या पहिल्या वर्षी केला असावा आणि त्यानंतर कधी दुसरा विचार केला नसावा. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा शेवटचा तास मोकळा. दोन म्हणजे दोन. संस्थाचालकांच्या मेहुण्यालाही दोन, स्वतःलाही दोन.

न्यायी माणूस, असं लोक म्हणायचे. मला विचाराल तर भागाकार करायला न्यायी असावं लागत नाही.

त्याला कामं नव्हती असं नाही. सकाळी सात वाजता फाटकात उभा, मग हजेरीवह्या, मग कोण आलं नाही ते बघून कुणाचा मोकळा तास मारायचा त्या चिठ्ठ्या. मग नळ गळतोय, मग सातवीच्या वर्गातलं बाक मोडलंय, मग एखादा पालक येऊन टेबलावर हात आपटतोय की माझ्या मुलीला खिडकीजवळ का बसवलं. झेरॉक्स यंत्रात कागद अडकला तरी याच्याच नावानं बोंब. मुख्याध्यापिका बाई फक्त सह्या करायच्या आणि समारंभात बोलायच्या. बाकी सगळं निस्तरायला हा. निस्तरायचा, पण चेहरा असा की तुम्हीच मुद्दाम नळ फोडून आलात. एकदा मी खडू मागायला गेले तर म्हणाला, "परवा दोन नेलेत." मी म्हटलं, "सर, लिहिलं की संपतात ते." त्यावर त्यानं खरोखर मान हलवून नोंद केली.

मनासारखा तास हवा असेल तर त्यासाठी त्यानं एक छापील अर्ज काढला होता. वर मथळा, 'अडचण अर्ज'. खाली पाच ओळी. पहिलीत नाव. दुसरीत अडचण काय ते. तिसरीत कधीपासून. चौथीत कोणता तास मोकळा हवा. आणि पाचवीत, तो तास तुमच्याऐवजी घ्यायला तयार असलेल्या शिक्षकाचं पूर्ण नाव आणि सही. पाचवी ओळ भरलेली असेल तर अर्ज मंजूर, कोरी असेल तर नामंजूर. मधल्या ओळींत तुम्ही रक्ताचं पाणी करून काय लिहिलंय याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं.

मी तो अर्ज एकदाच भरला. बाबांसाठी.

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची वेळ नीट लावून देणारा माणूस सत्तरी ओलांडल्यावर सकाळ-संध्याकाळ विसरायला लागला. मग रस्ते विसरला, मग मला. घरात आम्ही दोघंच. मी शाळेत असताना त्यांना बघायला एक मावशी यायच्या, पण बारा वाजता त्यांना दुसऱ्या घरी जावं लागे. मी घरी पोचायचे एक वाजता. मधला एक तास बाबा एकटे. मंगळवार-बुधवार मला शेवटचा तास मोकळा होता, तेव्हा मी बारा वीसपर्यंत धावतपळत पोचायचे. बाकीचे चार दिवस जीव टांगणीला.

स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना विचारून बघितलं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "अगं, दिला असता गं, पण माझी कंबर." प्रत्येकाची काही ना काही कंबर होतीच. मग मी फळीसमोर उभं राहून नीट बघितलं. सोमवारी आणि शुक्रवारी माझा शेवटचा तास आठवी क वर होता. त्याच वर्गाला पुठ्ठा गणित शिकवायचा, आणि त्या दोन्ही दिवशी शेवटच्या तासाला तो मोकळा होता. त्याचं गणित माझ्या जागी, माझा भूगोल त्याच्या जागी. दोन चौकोनांची अदलाबदल, बस. दुसरं कुणी हलणार नव्हतं.

मी अर्ज घेऊन त्याच्या खोलीत गेले.

"पाचवी ओळ कोरी आहे, बाई."

"तुम्हीच सही करा ना, सर. सोमवार आणि शुक्रवार. दोनच दिवस. बाकीच्या दोन दिवसांचं मी बघते काहीतरी."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मंजूर करणाराही मी आणि तास देणाराही मी, हे बरं दिसत नाही. उद्या सगळेच माझ्याकडे येतील."

"येऊ देत की. प्रत्येकाचे वडील थोडेच हरवतात?"

"अडचण सगळ्यांना असते, बाई."

एवढं बोलून त्यानं लाल पेन उचललं. मी तिथंच उभी असताना लिहिलं, 'पाचवी ओळ अपूर्ण. नामंजूर.' खाली सही, सहीखाली तारीख. मग कागद फायलीत लावला आणि मला म्हणाला, "सातवी अ चे नकाशे तपासून झाले का?"

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, मी घरी पोचले तर दार सताड उघडं आणि बाबा नाहीत. दोन तास मी गल्ल्या पालथ्या घातल्या. सापडले ते तीन रस्ते पलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात, खुर्चीत बसलेले. न्हाव्याची चूक नव्हती, गिऱ्हाईक येऊन बसलं आणि म्हणालं मिशी काढ, त्यानं काढली. चाळीस वर्षं राखलेली मिशी. बाबा आरशातल्या माणसाकडे बघत होते आणि मला विचारत होते, "हे कोण बसलेत? यांना उठायला सांग, माझा नंबर आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी दाराला बाहेरून कुलूप लावायला लागले. मावशी जाताना लावायच्या, मी आल्यावर काढायचे. आपल्या बापाला आपण कोंडून ठेवतो, ही गोष्ट तोंडानं उच्चारायला सोपी नाही, पण मी ते केलं, दीड वर्ष केलं. कुलूप काढताना रोज मी पुठ्ठ्याला शिव्या घालायचे. आत बाबा दारालाच कान लावून उभे असायचे.

दीड वर्षांनी ते गेले. शाळेतून सगळे भेटायला आले. पुठ्ठाही आला, खुर्चीच्या कडेवर दहा मिनिटं बसला आणि जाताना म्हणाला, "तुमची रजा चौदा दिवस धरली आहे, काळजी करू नका." मी चहासुद्धा विचारला नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. मुलगी दूरच्या गावी नांदत होती, ती महिनाभर राहून परत गेली. मग सकाळी पुठ्ठ्याची मेहुणी यायची, पण तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि ते बारा वाजता उघडावं लागे.

ही बातमी शिपाईकाकांनी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा सगळे हळहळले. मीही तोंडानं च्‌ च्‌ केलं. पण माझ्या पोटात काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. बारा ते एक. मिनिटाचाही फरक नाही. आता बघू म्हटलं, पुठ्ठा काय करतो ते.

सगळेच बघत होते. येता-जाता प्रत्येकजण फळीवरच्या कोऱ्या चौकोनाकडे नजर टाकायचा. सरकला का? चित्रकलेच्या बाईंनी तर तक्रारीचा मसुदाही तयार ठेवला होता, त्यानं स्वतःचा तास हलवला की लगेच संस्थाचालकांकडे द्यायचा म्हणून. आठवडा गेला, दोन गेले, सात गेले. चौकोन जागच्या जागी. सोमवारी आणि शुक्रवारी तो बाराला घरी पळायचा. बाकीचे चार दिवस शेवटच्या तासाला आठवी क वर उभा राहून शेकडेवारी शिकवायचा.

आणि मंगळवार-बुधवार त्या तासाला मी मोकळी असायचे. आता घरी जायची घाई नव्हती, घरी कोण होतं? मी स्टाफरूममध्ये चहा घेत बसायचे. आठवी क चा वर्ग भिंतीपलीकडेच. पुठ्ठ्याचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. त्याच वर्गावर माझा तिसरा तास होता आणि तिसऱ्या तासाला तो मोकळा होता. मला फळी पाठ होती. दोन चौकोन, बस. मी वाट बघत होते. त्यानं माझ्या टेबलाजवळ यावं, तो छापील कागद पुढे करावा आणि म्हणावं, "बाई, पाचव्या ओळीवर सही कराल का?" त्यावर काय बोलायचं ते मी बाबांच्या कुलपासमोर उभी असतानाच ठरवून ठेवलं होतं.

तो आलाच नाही. मीही उठले नाही.

बुधवार होता. बारा वाजून वीस मिनिटं झाली असतील. ऑफिसातला फोन वाजला आणि शिपाईकाका व्हरांड्यातून धावत गेले. त्या माणसाला मी कधी धावताना बघितलं नव्हतं. भिंतीपलीकडचा आवाज थांबला. मग पुठ्ठा स्टाफरूमच्या दारात आला. हातात खडू. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"आठवी क," तो म्हणाला. "पान बेचाळीस."

खडू टेबलावर ठेवला आणि गेला. त्याच्या नोकरीत बिनचिठ्ठीचा दिलेला हा एकच तास असेल. मी वर्गात गेले. फळ्यावर अर्धं गणित होतं, शंभरातले किती ते लिहायचं राहिलं होतं.

त्याची बायको मोरीकडे जायला एकटीच उठली होती आणि पडली. आवाज ऐकून शेजारच्यांनी फोन केला होता. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही, चार महिन्यांत संपली. पुठ्ठ्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाला, आणि खरं सांगायचं तर कुणी फारसा आग्रहही केला नाही.

फळी माझ्याकडे आली. सेवेत मीच सगळ्यांत जुनी होते, शिवाय हे नसतं झेंगट दुसऱ्या कुणाला नको होतं. त्याच्या कपाटाची किल्ली हातात आल्यावर पहिलं काम मी 'अडचण अर्ज' ही फाईल काढायचं केलं. मला माझा कागद फाडून टाकायचा होता. अर्ज तारखेप्रमाणे लावलेले होते, त्याच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. कंबरा होत्या, सासवा होत्या, बसच्या वेळा होत्या. माझा सापडला. आणि त्याच्या पुढे चार-पाच कागद सोडून, त्याच्याच बारीक अक्षरात भरलेला एक.

पहिली ओळ, त्याचं स्वतःचं नाव. दुसरी, 'पत्नी आजारी. दुपारी बारा ते एक घरी कोणी नाही.' तिसरी, तारीख. मुलगी परत गेली त्यानंतरचा पहिला सोमवार. चौथी, 'मंगळवार व बुधवार, शेवटचा तास, आठवी क.' आणि पाचव्या ओळीत माझं नाव. पूर्ण, मधे बाबांच्या नावासकट. त्यापुढे, सहीच्या जागी लिहिलं होतं, 'विचारलेले नाही.'

खाली लाल पेनानं, 'पाचवी ओळ अपूर्ण. नामंजूर.' सही. तारीख.

मूर्ख माणूस. स्वतःच अर्ज करतो, स्वतःच नाकारतो आणि फायलीत लावून ठेवतो. माझं डोकं असं सणकलं की मी शाळा सुटायचीही वाट बघितली नाही. कागद पर्समध्ये कोंबला आणि त्याच्या घरी गेले.

दार त्यानंच उघडलं. घर स्वच्छ होतं. पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला कंबरेच्या उंचीवर लाकडी कठडा ठोकलेला होता, बायकोला धरून चालता यावं म्हणून. त्यानं स्वतः ठोकला असणार, खिळे अगदी सारख्या अंतरावर होते. मी बसले नाही. कागद त्याच्या समोर टेबलावर आपटला.

"हे काय आहे, सर?"

त्यानं वाचला. वाचायची काय गरज होती, पण वाचला. "अर्ज आहे."

"ते दिसतंय मला. विचारलं का नाहीत?"

"कसं विचारणार होतो?" तो म्हणाला. "तुमचा मी नामंजूर केला होता."

त्यानं कागदाची दुमडलेली कड अंगठ्यानं सरळ केली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तसंही तुम्ही हो म्हणाला नसतात. मी रोज तेच धरून चालतो. विचारलं असतं तरी काही फरक पडला नसता."

हे खरं होतं. मी नाहीच म्हटलं असतं. शब्द ठरलेले होते: अडचण सगळ्यांना असते, सर. मी ते त्याच्याच आवाजात म्हणणार होते. मला ते माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. तेवढ्या एका गोष्टीला धरून तो त्या घरात उभा होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि मला दिसत होते दाराला कान लावून उभे असलेले बाबा, मिशीशिवायचे.

"हो म्हटलं असतं," मी म्हणाले. "एका पायावर तयार झाले असते. नुसतं विचारायचं होतं तुम्ही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवली, खडूची नोंद करताना हलवायचा तशीच. खिशातून पेन काढलं. लाल नव्हतं, निळंच होतं. 'नामंजूर' या शब्दावर पट्टीनं ओढावी तशी सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'निर्णय चुकीचा. संबंधित शिक्षिका तयार होत्या.' सही केली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून तारीख घातली.

"फायलीत असू द्या," म्हणाला आणि कागद माझ्या हातात दिला.

मी जिना उतरले. अर्ध्यात थांबलेसुद्धा. परत वर जाऊन खरं सांगायला बारा पायऱ्या होत्या फक्त. मी खाली गेले.

त्याला आता चार वर्षं झाली. तो त्याच घरात एकटा राहतो, कधी बाजारात दिसतो, मला 'बाई' म्हणून नमस्कार करतो. फळी माझ्याकडेच आहे. प्रत्येकाला दोन, दुसरा भागाकार मलाही सापडलेला नाही. अर्ज फायलीत आहे, तारखेप्रमाणे, माझ्या अर्जापासून पाचवा. त्यावरची पाचवी ओळ अजून कोरीच म्हणायची, कारण सही मी केलेली नाही.